मरीन टँकमधली कोळंबी: मासे मजेत, मग तीच का मरते?

घरी मरीन टँक, म्हणजे समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. क्लाउनफिश मजेत आहेत, डॅमसेल दादागिरी करतोय, पाण्याच्या टेस्ट केल्या तर सगळे आकडे जागच्या जागी, आणि तरी हौसेने आणलेली क्लीनर श्रिंप, म्हणजे माशांचं अंग साफ करणारी कोळंबी, आठवड्याभरात गेली. दुकानदाराला विचारावं तर तो ‘पानी का प्रॉब्लेम होगा’ म्हणून मोकळा होतो. तसं त्याचं चुकत नाही. पण पाण्यात नेमकं काय, हे त्यालाही ठाऊक नसतं आणि आपल्या टेस्ट किटमध्ये ते बऱ्याचदा मोजलंच जात नाही.

याचं कारण असं, की आपलं किट, आपली औषधं आणि दुकानात मिळणारे सल्ले हे सगळं माशांसाठी बेतलेलं असतं. कोळंबी मासा नसते. ती खेकडा, झुरळ, डास, विंचू यांच्या गोतावळ्यातली, म्हणजे संधिपाद. बाहेरून कवच, आत एकही हाड नाही, रक्त निळसर, वाढायचं तर कात टाकणं भाग, आणि पाण्याचा खारटपणा झपाट्याने बदलला तर शरीर कोलमडतं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की मुंबईच्या घरात तिला कशाकशापासून धोका आहे हे बरंचसं आपोआप कळत जातं.

तांबं

आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचं काम हिमोग्लोबिन करतं आणि त्यात लोह असतं. कोळंबीत हेच काम हिमोसायनिन करतं आणि त्यात तांबं असतं. म्हणूनच तिच्या रक्ताला निळसर झाक येते. मग तांबं तिला मानवत असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण तिला लागणारं तांबं अगदी चिमूटभराच्याही चिमूटभर, आणि तेही खाण्यातून मिळतं. पाण्यात विरघळलेलं तांबं थेट कल्ल्यांना भिडतं. श्वास आणि क्षारांची देवाणघेवाण दोन्ही तिथेच चालत असल्यामुळे दोन्ही एकदम बिघडतात.

हे किती कमी प्रमाणात होतं ते पाहा. समुद्री माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी लागला, की तांब्याचं औषध देतात. तेव्हा पाण्यात तांब्याचं प्रमाण साधारण लीटरला ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम ठेवतात. मासा यातून बरा होतो आणि कोळंबी मरते. आता पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, काढून बघा. त्यात तांब्याची इष्ट मर्यादा लीटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, पण दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. म्हणजे माणसाने बिनधास्त प्यावं अशा पाण्यात कोळंबीच्या जिवावर बेतेल त्याच्या कितीतरी पट तांबं असू शकतं. ‘आम्ही पितो तेच पाणी घालतो’ हा युक्तिवाद इथेच संपतो.

आणि आता स्वयंपाकघरातल्या आरओकडे बघा. गेल्या काही वर्षांत तांब्याचं पाणी आरोग्याला चांगलं म्हणून कित्येक प्युरिफायरमध्ये मुद्दाम तांबं सोडणारं कार्ट्रिज बसवलेलं असतं. मशिनच्या पुढच्या बाजूला तांबूस अक्षरांत मोठ्या अभिमानाने ते लिहिलेलंही असतं. अशा मशिनच्या तोटीचं पाणी मरीन टँकला अजिबात वापरायचं नाही. सर्व्हिसिंगला येणाऱ्या माणसाला सांगून मेम्ब्रेननंतर, पण तांब्याच्या आणि मिनरलच्या कार्ट्रिजच्या आधी, एक वेगळी नळी काढून घेता येते. त्या मशिनमध्ये चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी मिसळणारा स्क्रूही असतो. तो पूर्ण बंद करायला सांगा, किंवा नळी त्याच्याही आधी काढून घ्या. टीडीएस मीटरवर मात्र विसंबू नका. तो सगळ्या क्षारांची एकत्र बेरीज दाखवतो, त्यातलं तांबं किती हे त्याला कळत नाही. जो खर्च करू शकतो त्याने टँकसाठी वेगळं छोटं आरओ-डीआय युनिट (आरओनंतर उरलेसुरले क्षारही काढणारं) घ्यावं, हे माझं स्पष्ट मत आहे. महागड्या लाइटवर पैसे घालण्याआधी इथे घालावेत.

मुंबईच्या नळाला भातसा, वैतरणा, तानसा यांचं पाणी येतं. ते शुद्ध करून, क्लोरीन घालून येतं आणि क्लोरीन काढणं सोपं असतं. पुढचा प्रवास जास्त बेभरवशाचा. सोसायटीची जमिनीखालची टाकी, पंप, गच्चीवरची टाकी, पन्नास वर्षं जुन्या इमारतीतले पितळी व्हॉल्व्ह. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यात एप्रिल-मेमध्ये कधी टँकरचं पाणी आलं तर ते कुठल्या विहिरीचं हे विचारायची सोय नसते. म्हणून नळाचं पाणी थेट नकोच. आणि घरात पाणी भरायला हाताशी देवघरातली कळशी किंवा तांब्या असेल, तर तो तिथेच राहू द्या. साधी प्लास्टिकची बादली घ्या, जिने कधी साबण किंवा फिनेल पाहिलेलं नाही अशी.

तांब्याचा आणखी एक वाईट गुण म्हणजे ते चिकटून बसतं. टँकमध्ये एकदा औषध टाकलं की ते दगडात, वाळूत मुरतं आणि महिनोन्‌महिने थोडं थोडं सुटत राहतं. सेकंडहँड टँक स्वस्तात मिळत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा, की यात कधी तांब्याचं औषध वापरलं होतं का? गोगलगाई मारायच्या काही औषधांतही मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार असतो. आजारी माशाला औषध द्यायचं तर त्याला दुसऱ्या टाकीत न्यायचं आणि कोळंबीला आहे तिथेच ठेवायचं. ‘औषधाऐवजी पाण्याचा खारटपणा उतरवतो’ हा उपायसुद्धा वेगळ्या टाकीतच, कारण तोही तिला तितकाच घातक आहे.

डासांची औषधं

जून उजाडला की मुंबईत डास आणि त्यांच्यामागून धूर. पालिकेची फवारणी, सोसायटीचं पेस्ट कंट्रोल, घरात कॉइल किंवा प्लगमध्ये लावायचं लिक्विड, रात्री झुरळांवर स्प्रे. यातली बरीचशी औषधं पायरेथ्रॉइड वर्गातली असतात. ही रसायनं मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी अडकवून ठेवतात, त्यामुळे तंतू थांबायचं नाव न घेता संदेश पाठवत राहतो, प्राणी थरथरतो, उलटापालटा होतो, मरतो. माणसाचं शरीर ही रसायनं चटकन मोडून टाकतं. डासाला ते जमत नाही, आणि नात्याने जवळ असलेल्या कोळंबीलाही नाही. माशांनाही पायरेथ्रॉइड विषारीच असतात, पण कोळंबी त्यांच्या कितीतरी आधी जाते. म्हणून ‘मासे ठीक आहेत, कोळंबी एका रात्रीत गेली’ असं ऐकलं की मी आधी अमोनियाबद्दल विचारत नाही, काल घरात काय फवारलं ते विचारतो.

विष पाण्यात पोचतं कसं? टँकला झाकण असलं तरी पोचतं. एअर पंप खोलीतली हवा खेचून बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात ढकलत असतो. प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, तर त्याहून जास्त हवा ओढतो, कारण हवा आणि पाणी घुसळणं हेच त्याचं काम. त्या खोलीत प्लगचं लिक्विड रात्रभर चालू असेल तर आपण स्वतःच्या हाताने ते पाण्यात कालवत असतो. टँक असलेल्या खोलीत कॉइल, लिक्विड, स्प्रे हे सगळं बंद. जाळीची खिडकी आणि मच्छरदाणी हा जुना उपाय कोळंबीला एकदम मान्य आहे.

बाहेर फवारणीचा भोंगा वाजला की एअर पंप आणि स्किमर बंद करायचे, खिडक्या लावायच्या, टँकवर स्वच्छ प्लास्टिकची शीट टाकायची. पॉवरहेड, म्हणजे पाण्यात बुडवून पाणी फिरवणारा छोटा पंप, चालूच ठेवायचा, म्हणजे पाणी हलत राहतं. धूर पूर्ण निवळल्यावर खोलीत हवा खेळू द्यायची, मग शीट काढून बाकीचं सुरू. फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन असेल तर पाण्यात गेलेलं थोडंफार शोषलं जातं. पेस्ट कंट्रोलवाल्यांना टँकची खोली सोडायला सांगा आणि तिथे झुरळांसाठी स्प्रेऐवजी जेलचे ठिपके लावायला सांगा, तेही टँकपासून लांब.

आणि हात. क्लीनर श्रिंप धीट असते, टँकमध्ये हात घातला की बोटांवर चढून नखं कोरायला लागते. मुलांना याचं फार अप्रूप वाटतं. पण हाताला डासांचं मलम लावलेलं असेल तर तो हात टँकच्या बाहेरच बरा. घरात कुत्रा असेल आणि त्याच्या मानेवर गोचिडांचं औषध टाकलं असेल, तर त्याला गोंजारून झाल्यावरही तेच.

मीठ, उन्हाळा आणि उडून जाणारं पाणी

समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे ३५ भाग मीठ असतं, म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६. खाडीत राहणाऱ्या कोळंब्या पावसाळ्यात पाणी अळणी झालं तरी निभावून नेतात, त्यांचा जन्मच तसल्या पाण्यातला. रीफवरच्या, म्हणजे प्रवाळांच्या खडकांवरच्या कोळंबीने असे चढउतार कधी पाहिलेलेच नसतात. तिथे वर्षभर पाणी जवळपास तेच. त्यामुळे १.०२४ ठेवावं की १.०२६ यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. जे ठेवाल ते रोज तेवढंच राहिलं पाहिजे.

मुंबईत ते राहत नाही, कारण पाणी उडतं आणि मीठ मागे उरतं. समजा १०० लीटरचा टँक आहे, खारटपणा ३५. पाच लीटर पाणी उडालं की तो ३७च्या जवळ जातो, दहा लीटर उडालं की ३९ला टेकतो. तापमान उतरवायला वरून पंखा लावला असेल तर पाच लीटर उडायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून काचेवर मार्करने रेघ मारा आणि पाणी त्या रेघेखाली गेलं की साधं आरओचं पाणी घाला, खारं नाही. रोज थोडं थोडं. आठवड्याने एकदम पाच लीटर ओतलं तर तो दुसऱ्या दिशेने बसलेला धक्काच असतो. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५च्या कॅलिब्रेशन द्रावणावर अधूनमधून जुळवून घ्या. तरंगत्या काट्याचे प्लास्टिकचे हायड्रोमीटर काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी खोटं बोलतात.

तापमान २४ ते २७ अंश चांगलं. मे महिन्यात बंद खोलीतला टँक सहज ३०च्या वर जातो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि नेमकी तेव्हाच कोळंबीची गरज वाढलेली असते. पंख्याने पाणी दोनतीन अंश उतरतं, पण ते बाष्पीभवनाच्या जोरावर, आणि हवा दमट असेल तर तो जोरही ओसरतो. पुण्यात पंख्यावर भागतं म्हणून मुंबईत भागेलच असं नाही. पाणी गार करणारा चिलर उत्तम, फक्त तो काढलेली उष्णता त्याच खोलीत सोडतो, तेव्हा त्याचं तोंड खिडकीकडे हवं. बेडरूममधल्या एसीवर टँक गार ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: रात्री २५, दुपारी ३१ हा रोजचा झोका सतत २८ असण्यापेक्षा वाईट.

समुद्र दहा मिनिटांवर आहे तर मीठ विकत कशाला, असा प्रश्न मुंबईत कुणीतरी विचारतंच. जुहू किंवा दादरच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात सांडपाणी, बोटींचं तेल आणि गाळ असतो, पावसाळ्यात ते अळणीही होतं. पिशवीतलं सिंथेटिक मीठच वापरा, लीटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम. आरओच्या पाण्यात टाकून पॉवरहेडने रात्रभर फिरू द्या. बदलायचं पाणी तापमानाला आणि खारटपणाला टँकशी जुळलं की मगच घालायचं. आठवड्याला दहा टक्के पुष्कळ झालं.

अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, यात नवीन काही नाही. एवढंच सांगतो, की समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२च्या आसपास असतो आणि पीएच व तापमान चढलं की अमोनियाचा विषारी हिस्सा वाढतो. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये खपून गेलेला आकडा इथे खपत नाही. नवीन टँक चार ते सहा आठवड्यांत मुरतो, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वसतात, माशांपुरते. कोळंबीसाठी आणखी महिना-दोन महिने थांबलेलं बरं.

कात

सकाळी लाइट लावावा तर दगडाच्या पायथ्याशी कोळंबी आडवी पडलेली दिसते, पाय, मिशा, डोळे सगळं शाबूत. घरात सुतक लागतं. थांबा, जरा भिंग लावून पाहा. डोळ्यांच्या जागी काचेसारख्या रिकाम्या टोप्या आहेत, पाठीचं कवच आणि शेपटी जिथे जुळतात तिथे आडवी चीर आहे, आणि टॉर्च मारला तर प्रकाश आरपार जातो. हे प्रेत नाही. ही कात, आणि कोळंबी स्वतः मागच्या कपारीत दडून बसलेली आहे. खरोखर मेलेली कोळंबी अशी आरपार दिसत नाही, अंग दुधाळ किंवा गुलाबीसर होतं आणि थोड्याच वेळात वास येतो.

वर्षभरात शाळेचा युनिफॉर्म तोकडा होतो तसं कवच तोकडं होतं, आणि ते उसवता येत नाही. आतल्या आत नवं मऊ कवच तयार झालं की जुन्याला चीर पडते आणि काही क्षणांत कोळंबी पाठीमागे झटका देऊन बाहेर येते. कल्ल्यांवरचं आणि पोटाच्या आतलंसुद्धा अस्तर या कातीबरोबर निघून येतं. बाहेर पडल्यावर ती अंगात पाणी भरून फुगते, म्हणजे नवं कवच मोठ्या मापावर घट्ट होतं. याला एकदोन दिवस लागतात. तोवर ती लोण्याइतकी मऊ असते आणि कुठलाही मासा तिला टोचू शकतो. टँकमध्ये अरुंद कपारी हव्यात त्या याचसाठी. कात काढून टाकू नका, तिच्यातले क्षार ती स्वतः किंवा इतर प्राणी खातात. तुटलेली मिशी किंवा पाय पुढच्या एकदोन कातींत परत येतो, त्याची चिंता करायची नाही.

कवचासाठी कॅल्शियम लागतं. चांगल्या मिठाच्या पाण्यात ते लीटरला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास असतंच, मॅग्नेशियमही असतं. नियमित पाणी बदलणाऱ्याला वेगळं काही घालावं लागत नाही. आयोडीनच्या बाटल्यांबद्दल दुकानात फार आग्रह होतो. आयोडीन न मोजता टाकलं तर विषारी ठरतं, आणि पाणी बदलणं व खाणं ठीक असेल तर ते वेगळं घालायची गरज नसते. मी ती बाटली घेणार नाही. कात टाकताना अर्ध्यात अडकून कोळंबी मेली, तर संशय आधी खारटपणाच्या धक्क्यावर घ्यावा. असा धक्का वेळेआधी कात टाकायला लावतो आणि आतलं कवच तेव्हा तयार नसतं.

घरी आणताना

कोळंबी मरते ती पुष्कळदा पहिल्या दोन दिवसांत, आणि त्याचं मूळ दुकानातून घरापर्यंतच्या प्रवासात असतं. मीठ वाचावं आणि माशांवरचे परजीवी दबावेत म्हणून काही दुकानांत खारटपणा मुद्दाम कमी ठेवतात, विशिष्ट गुरुत्व १.०१९ किंवा २०. म्हणजे सुमारे २५ ते २७. तुमच्या घरी ३५. ही उडी तिला अर्ध्या तासात झेपत नाही. म्हणून रिफ्रॅक्टोमीटर खिशात घालून दुकानात जा आणि तिथल्या पाण्याचा एक थेंब बघा. दुकानदार थोडा वाकड्या नजरेने बघेल, बघू द्या.

फरक थोडा असेल तर थेंबाथेंबाने जुळवायचं. पिशवी आधी टँकमध्ये तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग कोळंबी पाण्यासकट स्वच्छ डब्यात घ्या. टँकमधून एअर पंपाची बारीक नळी सोडा, नळीला एक सैल गाठ मारा आणि ती आवळत-सोडत दर सेकंदाला दोनतीन थेंब पडतील असं करा. डब्यातलं पाणी दुप्पट झालं की अर्धं काढा, पुन्हा दुप्पट होऊ द्या. तास-दीड तास जातो. डबा थर्मोकोलच्या खोक्यात ठेवला तर पाण्याचं तापमान हलत नाही. शेवटी जाळीने उचलू नका, मिशा आणि पाय जाळीत अडकून तुटतात. कपाने उचला आणि दुकानाचं पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका. फरक मोठा असेल तर हे पुरत नाही. तेव्हा एका छोट्या टाकीत दुकानाइतक्याच खारटपणाचं पाणी करून तिला त्यात ठेवायचं आणि रोज एकदोन अंकांनी चढवत न्यायचं.

पार्सलने रात्रभर प्रवास करून आलेल्या कोळंबीची गोष्ट उलटी असते. बंद पिशवीत तिच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात दबून राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्या पाण्यात दीड तास थेंब सोडत बसणं म्हणजे तिला विषात बसवणं. विक्रेत्याकडून खारटपणा आधीच विचारून तेवढंच पाणी तयार ठेवा, तापमान जुळलं की लगेच त्यात सोडा.

क्रॉफर्ड मार्केटमधून आणत असाल तर सकाळी लवकर जा आणि पिशवी झाकून आणा. मे महिन्यातली दुपारची लोकल माणसांनाच सोसत नाही. निवडताना कोळंबी मिशा हलवत पुढे येते का, खायला टाकलेलं पकडते का हे पाहा. पाठीच्या कवचाच्या एका बाजूला गालफुगीसारखा फुगवटा दिसला तर घेऊ नका, तिथे कल्ल्याच्या पोकळीत बोपायरिड नावाचा परजीवी बसलेला असतो.

नवशिक्याने क्लीनर श्रिंप घ्यावी, पाठीवर लाल पट्ट्यांमध्ये पांढरी रेघ असलेली. ती माशांच्या अंगावरची मेलेली कातडी आणि परजीवी टिपते. पण टँकमध्ये ठिपक्यांचा रोग आला तर तो तिच्याने बरा होत नाही, तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एप्टेशिया नावाचं उपद्रवी समुद्रफूल खाण्यासाठी पेपरमिंट श्रिंप आणतात, पण त्याच नावाखाली कॅमल श्रिंप गळ्यात मारली जाते आणि ती प्रवाळांच्या चांगल्या पॉलिप्सवर ताव मारते. पाठीवर कुबड आणि मोठे डोळे असतील तर ती कॅमल. लालपांढऱ्या पट्ट्यांची बँडेड कोरल श्रिंप देखणी, पण भांडखोर. जोडी नसेल तर एकच ठेवावी. हार्लेक्विन मात्र कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नका. ती फक्त तारामासे खाते, दुसरं काही दिलं तर उपाशी मरते.

सोबत लायनफिश, ट्रिगर, पफर, हॉकफिश असतील तर कोळंबी म्हणजे त्यांचं जेवण. आणि टँक सजवायला समुद्रातले प्रवाळ कुणी स्वस्तात देऊ केले तर नको म्हणा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ते संरक्षित आहेत, घरात ठेवणं हाच गुन्हा. सुका किंवा सिरॅमिकचा दगड मुरला की तेवढंच काम करतो.

खाणं

फ्रोझन मायसिस आणि आर्टिमिया (दोन्ही कोळंबीसारखे बारीक जीव), बुडणारे छोटे दाणे, आठवड्याला तीनचार वेळा. मासे तिच्या तोंडचा घास पळवतात, म्हणून तिचा घास लांब चिमट्याने तिच्या पुढ्यात द्यावा.

मासळीबाजारातली कोळंबी बारीक करून घालायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि इथे ती घातक ठरू शकते. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून भारतातल्या कोळंबी-शेतीला व्हाइट स्पॉट विषाणूने जबर तडाखे दिले. माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांशी त्याचा संबंध नाही. हा विषाणू माणसाला काही करत नाही, पण कोळंबी, खेकडे, शेवंडी सगळ्यांना लागतो आणि फ्रीजरमध्ये मरत नाही. शिजवल्यावर मात्र निकामी होतो. कच्ची बाजारची कोळंबी टँकमधल्या कोळंबीला देणं म्हणूनच टाळावं. तिच्याऐवजी सुरमईचा मीठ-हळद न लावलेला बारीक तुकडा द्यावा, किंवा कोळंबीच द्यायची तर नुसत्या पाण्यात नीट उकडून.

वीज गेली तर काय करायचं हेही ठरवून ठेवा. मुंबईत वीज सहसा जात नाही, म्हणूनच १२ ऑक्टोबर २०२०ला शहराच्या मोठ्या भागाची वीज गेली तेव्हा अनेक टँकवाल्यांकडे काहीच तयारी नव्हती. बॅटरीवरचा छोटा एअर पंप घरात असू द्या.

पोटाखाली हिरवट दाण्यांचा गुच्छ दिसला तर ती अंडी असतात. क्लीनर श्रिंप आधी नर असतात, मोठ्या झाल्या की एकाच वेळी नर आणि मादी दोन्ही होतात, त्यामुळे कुठल्याही दोन मोठ्या क्लीनर श्रिंपची जोडी जमते. साधारण दोन आठवड्यांनी, लाइट गेल्यावर अंधारात पिल्लं सुटतात. ती वाढवायची तर वेगळी टाकी, जिवंत बारीक खाद्य आणि काही महिन्यांचा नेम लागतो. मुख्य टँकमध्ये ती पहाटेपर्यंत माशांच्या पोटात आणि पंपाच्या जाळीत गेलेली असतात, आणि कात टाकून झाली की जोडी लगेच पुढची अंडी धरते.